चौदा तारखेचा फ्लेक्स

बिद्रीहून आलेली एसटी कोल्हापुरातल्या संभाजीनगर स्टँडवर रिकामी झाली, तरी सुवार्ता खिडकीशी बसूनच होती. शेवटी कंडक्टरनं तिकिटाच्या मशीननं पुढच्या सीटची दांडी वाजवली.

"ओ ताई, डोळा लागला काय? गाडी आगारात निघाली."

ती उठली. खांद्याला पर्स आणि हातात तीन घरांनी दिलेल्या तीन पिशव्या. एकीत काकवीची बाटली, दुसरीत कांदा-लसूण चटणी. तिसरीत काय होतं ते आता तिला आठवतही नव्हतं. सकाळपासून ती तीन घरी जेवली होती. तिन्ही घरी पांढरा रस्सा होता आणि तिन्ही घरी "आमच्यात काईच खाल्लं न्हाईस" म्हणत वाटी पुन्हा भरली गेली होती. नको म्हणायची तिला सवय नव्हती, आणि कोल्हापुरात ते कुणाला ऐकूही येत नाही.

रिक्षा त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी वळली आणि सुवार्ताला समोर स्वतःचा चेहरा दिसला, चांगला आठ फुटांचा. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षी काढलेला फोटो. डोक्यावर मात्र भगवा-केशरी कोल्हापुरी फेटा होता, जो तिनं आयुष्यात कधी बांधला नव्हता. फेट्याच्या वर ठळक अक्षरांत मजकूर होता: 'आमच्या गल्लीची शान! मा. शांतवन समुद्रे सर यांची सुकन्या कु. सुवार्ता हिची परदेशातील नव्या भागात सेवाकार्यासाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' खाली गॉगल घातलेल्या अकरा जणांचे गोल फोटो, तालीम मंडळाचं नाव, आणि सगळ्यात खाली लाल पट्टीत 'प्रस्थान: १४ मार्च'.

"मॅडम, ह्यो तुमचाच फोटो न्हवं?" रिक्षावाल्यानं आरशात पाहिलं. "मग भाडं ऱ्हाऊ द्या. एवढ्या लांब देवाच्या कामाला जाणाऱ्या माणसाकडनं घ्यायचं म्हंजे..."

"घ्या हो. घ्या ना."

"न्हाई न्हाई. जावा तुम्ही."

रिक्षा निघून गेली. सुवार्ता पिशव्या घेऊन फ्लेक्सखाली उभी राहिली. पर्समध्ये, पाण्याच्या बाटलीमागं, तिच्या मिशनरी संस्थेकडून आलेल्या मेलचा कागद चार घड्या होऊन नऊ दिवस पडला होता. आफ्रिकेत, मलावीतल्या तिसऱ्या भागात, नदीपलीकडच्या एका नव्या केंद्रावर तिची नेमणूक प्रस्तावित आहे, निघायचं १४ मार्चला. मान्य असल्यास सोमवारपर्यंत कळवावं, असं त्यात लिहिलं होतं. तिनं अजून काहीच कळवलं नव्हतं.

तालमीच्या कट्ट्यावरून राजवर्धननं हाक मारली. तालमीचा अध्यक्ष, दुधाच्या गाडीवर मॅनेजर, गल्लीतलं कुठलंही लग्न आणि मयत ज्याच्यावाचून अडतं असा माणूस. शेजारी फ्लेक्सच्या छपाईचं दुकान चालवणारा आरिफ बसला होता.

"ताई, फेटा कसा बसलाय बगा की," आरिफ म्हणाला. "कंप्युटरवर दीड तास घातलाय. कानाजवळ जरासा कापलाय, पण खालनं कळत न्हाई."

"रविवारी सत्कार हाय," राजवर्धन म्हणाला. "हलगीवाल्यास्नी सांगून ठेवलंय. तुम्ही नुस्तं यायचं. फेटा आमचा, नारळ आमचा. दोन शब्द तेवढं तुमचं."

"पण तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी म्हंजे? सरांनी! गेल्या बेस्तरवारी हितंच बसलेते. सांगताना डोळ्यात पाणी आलं त्यांच्या."

सुवार्तानं मान डोलावली. पिशव्या सावरत ती घराकडं वळली.

शांतवन समुद्रे यांनी अडतीस वर्षं एकाच डॉक्टरांच्या दवाखान्यात, एकाच खिडकीमागं, एकाच लाकडी खुर्चीवर बसून पुड्या बांधल्या होत्या. गल्ली त्यांना कंपौंडर म्हणायची. ख्रिस्ती माणूस, सरळ माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात, अशी त्यांची ओळख. लेक बाहेरगावी असताना परवा लागलेल्या फ्लेक्सवर ते पहिल्यांदा 'सर' झाले होते. त्या दिवसापासून ते रोज सकाळी दूध आणायला जाताना जवळचा बोळ सोडून गल्लीच्या तोंडावरून जात.

मेल त्यांनी वाचला होता. लेकीनं पाणी प्यायला बाटली काढली, तेव्हा तिच्या नकळत कागद खाली पडला म्हणून वाचला आणि परत पर्समध्ये ठेवला. 'मान्य असल्यास' हे शब्द त्यांनी पाहिले नसतील असं नाही. पण त्यांच्या हिशेबी बोलावणं आलं म्हणजे जाणं आलंच. देवाच्या कामात मान्य-अमान्य कसलं? ते त्याच संध्याकाळी कट्ट्यावर जाऊन सांगून आले.

सुवार्ता पहिल्यांदा मलावीला गेली तेव्हा चोवीस वर्षांची होती. पहिलं केंद्र मोठ्या तळ्याच्या काठी. सकाळी बाळांची वजनं, लसी, तापाच्या गोळ्या. संध्याकाळी बायकांबरोबर प्रार्थना. सुरुवातीला तिला काहीच कळत नव्हतं. तिथं कुणाच्या दारात गेलं की आधी जमिनीवर बसायचं, मग रामराम-श्यामराम, मग काम. ही उभ्या उभ्या औषध द्यायला लागली तर बायका गप्प व्हायच्या. हळूहळू समजत गेलं. कोणत्या हापशाचं पाणी गोड, कुणाचा कुत्रा चावरा, कुणाचा नवरा दारू पिऊन मारतो, वाळत घातलेल्या माशांवर पाय न देता कसं चालायचं. शेजारच्या एका म्हातारीनं तिला लेक मानलं. मक्याच्या पिठाचा गरम गोळा हातानं कसा वळायचा ते शिकवलं. चौदा महिने झाले आणि जरा कुठं स्वप्नं त्या भाषेत पडायला लागली, तेव्हा कळवण्यात आलं की डोंगराकडच्या केंद्रावर माणूस नाही, आठ दिवसांत जा.

डोंगराकडची भाषा वेगळी. चौदा महिन्यांत कमावलेले शब्द तिथं बोलले की पोरं हसायची. पुन्हा बोट दाखवून मीठ मागायचं, पुन्हा हापसा, पुन्हा कुत्रा. सहा महिने ती मोठी बाई असून तान्ह्या पोरासारखी जगली. तिथल्या एका बाईनं तिला विचारलं होतं, "तुला घर नाही का?"

"आहे."

"आईबाप आहेत?"

"आहेत."

"मग त्यांनी तुला का घालवलं? काय केलंस तू?"

तेव्हा सुवार्ता हसली होती. पण अलीकडं तो प्रश्न तिला भलत्या वेळी आठवायचा, भाकरी थापताना, बसमध्ये, कुणाच्या तरी घरी तिसऱ्यांदा रस्सा पिताना.

कामाचा तिला कंटाळा नव्हता. ताप, जुलाब, रात्रीची बाळंतपणं, सगळं तिनं केलं होतं आणि आणखी केलं असतं. तिला नको झालं होतं ते सुरू करणं. नवी वाट, नवे चेहरे, नवं 'माझं नाव सुवार्ता'. कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर नाव लिहायचं म्हटलं तरी हात जड व्हावा, तसं काहीतरी झालं होतं.

सुट्टीचे पाच आठवडे मिळाले होते, ते गावोगावच्या चर्चच्या मंडळ्यांना भेटण्यात गेले. परदेशी निघालेल्या माणसानं मंडळीतल्या प्रत्येक घरी जायचं, तिथं बसायचं, खायचं, प्रार्थना करून उठायचं, ही रीत. एक घर वगळलं तर वर्षभर बोलणी. वारणानगरला कारखान्याच्या कॉलनीत तिला साक्ष द्यायला, म्हणजे देवाचा अनुभव सांगायला, उभं केलं.

"काही चमत्कार सांगा," एक वडीलधारे म्हणाले.

"एका महिन्यात चाळीस बाळांचं वजन वाढलं," ती म्हणाली.

लोक थांबले. पुढं काहीतरी येईल म्हणून थांबले. मग मागून एका बाईनं विचारलं, "तितं सिंह फिरत्यात का गं मोकळं?" आणि सगळ्यांना हायसं वाटलं.

नेसरीला मामाच्या घरी तर मामीनं तिच्या बॅगेत आठ किलो गूळ घालायचं ठरवलं होतं. "तिकडं काय खाणार पोर? कोरा मका?" विमानात तेवीस किलोच नेता येतं हे मामीला पटवायला सुवार्ताला अख्खी दुपार लागली. पटलं नाहीच. मामीनं गूळ फोडून कपड्यांच्या मधे मधे लपवला.

ती बॅग आता घरी, शिलाई मशीनशेजारी उभी होती. दुसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी आई तिथंच बसून चटणीच्या पिशवीला दुसरी पिशवी चढवत होती.

"एक इचारू?" आई म्हणाली. तिचं बोलणं अजून नेसरीचंच होतं.

"विचार की."

"पाच आठवडं झालं तुला येऊन. बॅगेतनं कपडा काढतीस, घालतीस, धुतीस, वाळवतीस आनि परत बॅगेत ठेवतीस. कपाटात एक ओढणी ठेवली न्हाईस."

आईनं पिशवीची गाठ आवळली.

"आमच्याकडं भाताचं तरू उपटून दुसऱ्या वावरात लावत्यात. एकदा. माझं बी तसंच की. नेसरीतनं हितं आलो, वरीसभर परसात तोंड लपवून रडलो, मग धरली मुळी. तुला आता तिसऱ्यांदा उपटत्यात."

"आई..."

"मला देवाचं काम कळतंय. मी न्हाई म्हनत न्हाई. पन तुला जायाचंय का?"

तिला असं कुणी विचारलंच नव्हतं. सुवार्तानं भिंतीकडं पाहिलं.

"नाही," ती म्हणाली. एवढा छोटा शब्द उच्चारायला तिला दहा दिवस लागले होते.

"मग पप्पांस्नी सांग."

"त्यांना ऐकू येत नाही, आई."

"कान बरं हाईत त्यांचं."

"तेच म्हणते मी."

तरी ती गेली. पप्पा आतल्या खोलीत उद्याच्या सत्कारासाठी कोटाला इस्त्री करत होते. लग्नातला कोट. कॉलरवर ओलं फडकं ठेवून ते जपून इस्त्री फिरवत होते.

"पप्पा, मी फार थकलेय."

"येतो थकवा. प्रवास होतो ना रोज. उद्या झालं की चार दिवस झोप काढ."

"तसं नाही. मला नव्या जागी परत..."

"प्रभू बळ देतो, बाळ." त्यांनी कोट उचलून उजेडात धरला. "बघ, इथं चुणी राहिली का?"

चुणी राहिली नव्हती. तिनं तसं सांगितलं आणि ती बाहेर आली.

रविवारी चर्चमध्ये उपासना झाली. पाळकसाहेबांनी प्रार्थनेत तिचं नाव घेतलं. संध्याकाळी पाचला गल्लीत खुर्च्या मांडल्या गेल्या. तालमीच्या दारात मारुतीपुढं उदबत्ती लागली होती, वर फ्लेक्स, खाली टेबल, टेबलावर शाल, नारळ, फेटा. हलगी सुरू झाली तशा वरच्या मजल्यावरच्या बायका गॅलरीत आल्या. पुढच्या रांगेत बायडाबाई बसल्या होत्या, सत्तरीच्या, दार समुद्र्यांच्या दाराला लागून. गल्लीतल्या कुठल्याही कार्यक्रमाला त्यांची खुर्ची आधी मांडतात, कारण मागं बसवलं तर त्या मागून बोलतात.

राजवर्धननं स्वतः फेटा बांधला. हात दुधाचे कॅन ओढायला सरावलेले, त्यामुळं घट्ट बसला. कपाळ दुखायला लागलं. शाल आली, नारळ आला, पप्पांच्या गळ्यात हार आला. कोटात ते अगदी ताठ उभे होते. त्यांना इतकं ताठ सुवार्तानं कधी पाहिलं नव्हतं. म्हणूनच तिला वाटलं की आता गप्प बसावं, निमूट जावं, आणखी एक हापसा शोधावा, त्यात काय एवढं.

"आता ताई दोन शब्द बोलतील," राजवर्धननं माइक दिला.

तिनं माइक धरला. सगळ्यांचे आभार मानले. आरिफच्या फेट्याचं कौतुक केलं, आरिफ लाजला. मग तिची नजर वर गेली. लाल पट्टी, चौदा मार्च. बॅगेत कपड्यांमधे लपवलेला गूळ.

"चौदा तारखेला मी जाणार आहे असं इथं लिहिलंय," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण माइकनं तो गल्लीभर नेला. "मी अजून होय म्हटलेलं नाही. मला विचारलंय, पण मी उत्तर दिलं नाही. मी थकले आहे. काम करून नाही. परत परत नव्यानं सुरू करून. मला जायचं नाहीये."

हलगीवाल्याला वाटलं संपलं. त्यानं एक थाप मारली आणि सगळ्यांची तोंडं बघून हात आवरला.

पप्पा हारासकट खाली बघत होते.

"आगं मग न्हाई म्हन की!" बायडाबाईंचा आवाज आला. "तुला काय बेड्या घातल्यात व्हय?"

"मावशी, जरा गप ऱ्हावा," राजवर्धन दबक्या आवाजात म्हणाला.

"तूच गप. फोटो लावायच्या आदी पोरीला इचारलंतंस का? माझ्या सत्तरीला बी असाच लावलातासा आनि वय लिवलं ऐंशी! धा वरसं माझी कुठं गेली, अजून कुनी सांगितलं न्हाई."

कुणीतरी हसलं. मग गॅलरीतल्या बायका हसल्या. मग आरिफ हसला, कारण ते ऐंशी त्यानंच छापले होते. सुवार्तालाही हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांतून पाणी आलं, तसं ती खुर्चीवर बसली. फेट्याचा शेमला माइकच्या वायरीत अडकला.

पप्पा हसले नाहीत. त्यांनी हार काढून टेबलावर नीट ठेवला आणि घराकडं चालायला लागले.

ती घरी आली तेव्हा ते कोट न काढताच बसले होते. आई स्वयंपाकघरात मुद्दाम भांडी वाजवत होती.

"आधी सांगायचं होतंस," ते म्हणाले.

"सांगितलं होतं, पप्पा. तुम्ही इस्त्री करत होता."

बाहेर खुर्च्या एकमेकांत घालून रचल्याचा आवाज येत होता.

"लोकांना आता मी काय..." त्यांनी सुरुवात केली आणि वाक्य अर्धंच सोडलं. बाहीवर कसलीशी घडी दिसली ती त्यांनी अंगठ्यानं दाबली. "किती दिवस झाले तुला असं?"

"दुसऱ्या ठिकाणी पोचले त्या दिवसापासून."

"दोन वर्षं?"

"दीड."

"दर रविवारी फोनवर तू म्हणायचीस, बरं चाललंय."

"तुम्ही विचारायचा ना पप्पा, काम कसं चाललंय. काम बरंच चाललं होतं."

त्यावर त्यांनी मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. उठून त्यांनी कोट हँगरला लावला.

सोमवारी सकाळी दूध आणायला निघालेले पप्पा तासभर आले नाहीत. आईनं सुवार्ताला बघायला पाठवलं. कट्ट्यापाशी तालमीची शिडी लावलेली होती. पप्पा शिडीचे पाय धरून उभे, आणि वर आरिफ.

"मी म्हटलं, उतरवा," पप्पा तिला म्हणाले. तिच्याकडं न बघता म्हणाले.

"उतरवायचा कशाला, काका?" राजवर्धन खालून म्हणाला. "गल्लीची पोरगी गल्लीतच ऱ्हायली, म्हंजे शान कमी झाली व्हय? तारखेचाच तेवढा घोटाळा झालाय. ते आमी निस्तरतो."

आरिफनं लाल पट्टीवर पांढरा स्टिकर चिकटवला, तळहातानं हवेचे बुडबुडे काढले आणि बाजूला झाला. चौदा मार्चच्या जागी आता छापलं होतं: 'प्रस्थान: ताई म्हणतील तवा'.

"'तवा' असं छापलंस? बोर्डावर?" पप्पा म्हणाले.

"गडबडीत झालं, सर."

अजूनही 'सर'च. पप्पांनी शिडी सोडली, किटली उचलली आणि जवळच्या बोळानं घरी गेले.

सुवार्तानं कट्ट्यावर बसूनच फोन काढला. उत्तर तीन ओळींचं झालं. नव्या केंद्रावर मी जाणार नाही. एक वर्ष मी घरी राहणार आहे. त्यानंतर पुन्हा विचारावंसं वाटलं तर तळ्याकाठच्या केंद्रासाठी विचारावं, नव्यासाठी नाही. पाठवण्याआधी तिनं ते एकदा वाचलं, आणि खाली नाव लिहून पाठवून दिलं. हलकं वगैरे काही वाटलं नाही. नुसती झोप आली.

घरी येऊन तिनं बॅग जमिनीवर आडवी केली आणि चेन उघडली. कपड्यांच्या घड्यांतून गुळाचे खडे निघायला लागले. एक ओढणीत, दोन सलवारीत, एक मोज्यात. मुंग्या सुवार्ताच्याही आधी पोचल्या होत्या. आईनं परात आणून दिली आणि कपाळावर हात मारला.

कपाटात जागा नव्हती. तिचा खण पप्पांनी केव्हाच घेतला होता. त्यात अडतीस वर्षांच्या औषध कंपन्यांच्या डायऱ्या होत्या, बहुतेक कोऱ्या. ती खणासमोर कपडे घेऊन उभी राहिली. पप्पा मागून आले. एकेक डायरी काढून पलंगावर ठेवू लागले. चार काढल्या, धूळ उडाली, खोकले, पुन्हा चार काढल्या. खण रिकामा झाला तसा त्यांनी तो खिशातल्या रुमालानं पुसला.

"ठेव," ते म्हणाले. "आणि झोप थोडी. जेवायला मी उठवतो."